प्रोटीनच्या रचनेवर पोस्टडॉक: जाहिरातीतल्या मायक्रोस्कोपच्या आधी नमुना पाहा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात पीएचडीचं शेवटचं वर्ष चालू आहे. एका जिवाणूच्या एन्झाइमची रचना क्रिस्टलोग्राफीने (क्रिस्टल वाढवून त्यावर क्ष-किरण सोडून) सोडवली आहे, एक पेपर आलाय, दुसरा लिहून होत आलाय. समोर युरोपातल्या एका लॅबची जाहिरात आहे: पेशीच्या पटलातल्या एका ट्रान्सपोर्टर (पदार्थ पटलाच्या आत-बाहेर नेणाऱ्या) प्रोटीनची रचना क्रायो-ईएमने (गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये पाहून) काढायची, दोन वर्षांचं पोस्टडॉकचं (पीएचडीनंतरच्या संशोधनाचं) पद, पुढे एक वर्ष वाढू शकेल. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. अल्फाफोल्ड (प्रोटीनच्या रचनेचं भाकीत करणारं एआय मॉडेल) आल्यावर या क्षेत्रात आणखी काही वर्षं घालण्यात अर्थ आहे का? क्रायो-ईएम कधी हाताळलेलं नसताना अर्ज करावा का? आणि निवड झालीच, तर हो म्हणण्याआधी काय पाहावं?

अर्ज जरूर करा. मात्र जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेलं ३०० किलोव्होल्टचं मायक्रोस्कोप पाहून निर्णय घेऊ नका. या कामातला मोठा वेळ शुद्ध, स्थिर आणि एकसारखं प्रोटीन हातात येण्यात जातो. त्या लॅबला हे काम किती कळतं, आणि त्या प्रोटीनबद्दल ती कोणता प्रश्न विचारते आहे, यावर तुमची पुढची वर्षं ठरणार आहेत.

अल्फाफोल्डची भीती मला समजते. २०२० च्या कॅस्प या रचनेचं भाकीत करण्याच्या स्पर्धेत त्याने जे केलं त्यानंतर आमच्यातल्या अनेकांना हाच प्रश्न पडला होता, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जम्पर आणि डेव्हिड बेकर यांना मिळाल्यावर तो घराघरात पोचला. पण हे मॉडेल शिकलं कशावर, ते पाहा. प्रोटीनच्या रचनांचा खुला संग्रह असलेली प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये फक्त ७ रचनांवर सुरू झाली आणि आज तिथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत. त्यातली जवळपास प्रत्येक रचना कुणीतरी प्रोटीन बनवून, क्रिस्टल वाढवून किंवा ग्रिड (क्रायो-ईएमचा नमुना ठेवायची जाळीदार चकती) गोठवून काढलेली आहे. भाकीत करणारं यंत्र त्या कष्टांवर उभं आहे.

व्यवहारात त्याने काय बदललं? क्रिस्टलोग्राफीतला फेज प्रॉब्लेम (रचना उभी करायला लागणारी, पण क्ष-किरणांच्या डेटात थेट न मिळणारी माहिती) बऱ्याच अंशी सुटला. पूर्वी साधर्म्य असलेली रचना मिळाली नाही तर सेलेनोमेथिओनिन (सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल) घालून प्रोटीन पुन्हा बनवावं लागे, सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) वेगळा डेटा घ्यावा लागे. आता अल्फाफोल्डचं मॉडेल घेऊन मॉलिक्युलर रिप्लेसमेंट (मिळत्याजुळत्या मॉडेलवरून रचना सोडवणं) केलं की बहुतेक वेळा दुपारपर्यंत प्रोटीनच्या घनतेचा नकाशा समोर असतो. म्हणजे 'आम्ही अमुक प्रोटीनची घडी पहिल्यांदा पाहिली' एवढ्यावर आता पेपर होत नाही. उरतं ते खरं अवघड काम. ट्रान्सपोर्टर एकदा बाहेरच्या बाजूला उघडतो, एकदा आतल्या; मधल्या अवस्था किती, कोणत्या अवस्थेत सोडियम बसलेला असतो, कोणत्या म्युटेशनने तो एकाच अवस्थेत अडकून पडतो? मॉडेल सहसा एकच अवस्था देतं, आणि ती नेमकी कोणती हे आपल्याला निवडता येईलच असं नाही. औषधाच्या बाबतीतही तसंच. बेडाक्विलिन हे क्षयरोगाचं औषध मायकोबॅक्टेरियमच्या एटीपी सिंथेजवर नेमकं कुठे आणि कसं बसतं, हे २०२१ मध्ये क्रायो-ईएमने दाखवलं. ज्या देशात क्षयाचे इतके रुग्ण आहेत तिथल्या संशोधकाला हे काम अर्थपूर्ण आहे का, हा प्रश्न पडू नये असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा जाहिरातीतल्या प्रोटीनचं अल्फाफोल्ड मॉडेल आजच उतरवून घ्या. त्याचे पीएलडीडीटी आणि पीएई (मॉडेलच्या कोणत्या भागावर किती भरवसा ठेवावा ते सांगणारे आकडे) पाहा. ते बाहेर उघडलेलं आहे की आत? लवचीक भाग कुठे आहेत? आणि मग स्वतःला विचारा: या मॉडेलमधून कळत नाही, पण प्रयोगाने कळेल, असं काय आहे? याचं उत्तर चार ओळींत लिहिता आलं तर तुमच्या अर्जाचा सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद तयार झाला. आलं नाही, तर कदाचित तो प्रकल्पच तितकासा भक्कम नाही.

आता क्रायो-ईएमचा अनुभव नसण्याबद्दल. पीएचडी एका तंत्रात आणि पोस्टडॉक दुसऱ्या, हे या क्षेत्रात नेहमीचं आहे. व्यंकटरामन रामकृष्णन यांची पीएचडी भौतिकशास्त्रातली. त्यानंतर त्यांनी जीवशास्त्र पुन्हा विद्यार्थी होऊन शिकलं आणि १९७८ मध्ये येलला पीटर मूर यांच्याकडे पोस्टडॉक म्हणून पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमवर काम सुरू केलं, तेही न्यूट्रॉन स्कॅटरिंगने. रायबोसोमच्या ३०एस या लहान उपघटकाची क्रिस्टल रचना आली २००० साली. तंत्र बदलत गेलं, रायबोसोमचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही. २००९ चं नोबेल त्याचं फळ आहे.

तुमच्याकडे जे आहे ते कमी समजू नका. क्रिस्टलोग्राफी केलेल्या माणसाला जेल फिल्ट्रेशनचा (प्रोटीन आकारानुसार वेगळं करण्याच्या पद्धतीचा) आलेख वाचता येतो. २४ मिलीच्या कॉलमवर ८ मिलीच्या आसपास उंच शिखर आलं की प्रोटीनचा गोळा झालाय, हे तो न बोलता ओळखतो. पुढे एकच सरळ, दोन्ही बाजूंनी सारखं उतरणारं शिखर दिसलं, तरी तो एसडीएस-पेज जेलवर शुद्धता तपासतो, दुसऱ्या दिवशी तोच नमुना पुन्हा कॉलमवर घालून पाहतो. पटलातल्या प्रोटीनसाठी यात डिटर्जंटची (ते पटलातून सोडवून घेणाऱ्या साबणासारख्या रसायनाची) भर पडते. डीडीएममध्ये प्रोटीन बाहेर येतं, पण टिकतं का? एलएमएनजी या दुसऱ्या डिटर्जंटमध्ये अधिक टिकेल का? नॅनोडिस्कमध्ये (लिपिडच्या सूक्ष्म चकतीत) बसवलं तर काम करतं का? हे सगळं तुमच्या सवयीच्या कामाचंच पुढचं पाऊल आहे. मायक्रोस्कोप चालवायला काही आठवड्यांत शिकता येतं. बहुतेक मोठ्या केंद्रांत तो चालवायला वेगळी माणसंही असतात. प्रोटीनची नाडी ओळखायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं तुम्ही दिलेली आहेत.

तरी ग्रिड गोठवण्याचं काम नेमकं कसं असतं ते सांगतो, कारण बाहेरून ते जेवढं सोपं वाटतं तेवढं नसतं. साधारण ३ मिलिमीटर व्यासाची धातूची जाळीदार चकती, तिच्यावर भोकं असलेला कार्बनचा पातळ पापुद्रा. चकतीवर ३ मायक्रोलिटर नमुना टाकायचा, फिल्टर पेपरने काही सेकंद टिपून घ्यायचा आणि चकती द्रवरूप इथेनमध्ये झटकन बुडवायची. द्रव नायट्रोजन इथे चालत नाही, कारण तो चकतीभोवती लगेच उकळतो आणि वायूचा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पाणी सावकाश गोठतं, बर्फाचे स्फटिक होतात आणि नमुना वाया जातो. इथेनमध्ये पाणी काचेसारखं गोठतं. ज्याक दुबोशे यांनी हे १९८० च्या दशकात घडवून दाखवलं आणि २०१७ च्या नोबेलमध्ये योआखिम फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्याबरोबर त्यांचं नाव आलं.

पेपरने टिपल्यावर आणि बुडवण्याआधी जो क्षण असतो, त्यात बराच घात होतो. पाण्याचा थर इतका पातळ असतो की प्रोटीनचे रेणू हवेच्या पृष्ठभागावर आपटत राहतात. काही उलगडतात, काही एकाच बाजूने चिकटून बसतात. मग मायक्रोस्कोपमध्ये हजारो कण दिसतात, पण सगळे वरून पाहिल्यासारखे. बाजूचं दृश्य नाहीच, आणि त्रिमितीय नकाशा एका दिशेने ताणलेला येतो. कॉलमवर सुंदर दिसणारं प्रोटीन ग्रिडवर नाहीसं होतं, ते इथे. त्यावर उपाय आहेत: थोडं डिटर्जंट, ग्रॅफीनचा थर, मायक्रोस्कोप तिरका करून डेटा घेणं. पण प्रत्येक उपाय म्हणजे नवीन ग्रिड, नवीन तपासणी, मायक्रोस्कोपवर पुन्हा नंबर लावणं.

म्हणून जाहिरातीतल्या क्रिओसपेक्षा (म्हणजे त्या ३०० किलोव्होल्टच्या मायक्रोस्कोपपेक्षा) मला दुसरं यंत्र अधिक महत्त्वाचं वाटतं: त्याच इमारतीत १२० किंवा २०० किलोव्होल्टचं मायक्रोस्कोप आहे का, आणि नवा माणूस त्यावर आपली ग्रिड त्याच आठवड्यात पाहू शकतो का. अंतिम डेटासाठी दोन-तीन दिवसांचा क्रिओसचा वेळ कुठल्याही राष्ट्रीय केंद्रात मिळतो. पण ग्रिड तपासायला महिनाभर थांबावं लागलं, तर दोन वर्षांचं पद किती लवकर संपतं ते हिशोब करून पाहा.

तुमच्या ट्रान्सपोर्टरचं वजन किती किलोडाल्टन आहे, हेही आजच काढा. ५० च्या आसपास असेल आणि पटलाबाहेर फारसा भाग नसेल, तर डिटर्जंटच्या गोळ्यात तो क्रायो-ईएमला नीट दिसत नाही. कण एकमेकांशी जुळवायला काही ठळक खूण लागते. ती सहसा नॅनोबॉडी किंवा फॅब (अँटिबॉडीचे छोटे तुकडे) जोडून मिळवतात. नॅनोबॉडी लामा किंवा अल्पाकाला प्रोटीन टोचून मिळवायच्या तर त्यात महिने जातात. कृत्रिम संग्रहातून निवडायच्या तरी ती वेगळी कला आहे. ही एक गोष्ट मुलाखतीत विचारलीत तर समोरच्याला कळेल की तुम्ही जाहिरात वाचून आलेले नाही, प्रोटीनचा विचार करून आलेले आहात.

तयारी म्हणून आणखी एक करा. एम्पायर या खुल्या संग्रहात क्रायो-ईएमचा कच्चा डेटा मोफत मिळतो. रेलिऑन या क्रायो-ईएम सॉफ्टवेअरच्या शिकवणीतला बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा डेटा घेऊन शेवटपर्यंत नकाशा काढा. कण निवडताना साचा वापरला की निव्वळ गोंगाटातूनही तोच साचा उमटू शकतो. हेंडरसन यांनी याला गोंगाटातला आइनस्टाइन म्हणून इशारा दिला होता. हे स्वतः करून पाहिलंत की नकाशाचं रिझोल्यूशन ठरवणाऱ्या एफएससी या मापाचा ०.१४३ हा आकडा कधी विश्वासार्ह आणि कधी नाही, ते कळतं. अर्जात 'क्रायो-ईएममध्ये रस आहे' लिहिण्यापेक्षा 'खुल्या डेटावर इतक्या अँगस्ट्रॉमपर्यंत नकाशा काढला, अमुक टप्प्यावर अडकलो आणि असा सुटलो' हे वाक्य जास्त वजनदार आहे.

मुलाखतीतल्या भाषणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपली मुलं तिथे हटकून मागे पडतात, आणि ती हुशारीत कमी असतात म्हणून नव्हे. बहुतेक जण रंगीत फितींचं चित्र दाखवतात: हेलिक्स लाल, शीट पिवळी, मध्ये लिगँड (प्रोटीनला चिकटलेला लहान रेणू) हिरवा. समोर बसलेला क्रिस्टलोग्राफर मनात एकच प्रश्न विचारत असतो, तो लिगँड खरंच तिथे आहे का? तुमच्या पहिल्या पेपरमधला लिगँड घ्या. ओमिट मॅप काढा, म्हणजे लिगँड मॉडेलमधून काढून टाकून उरलेल्या डेटातून त्याची घनता पुन्हा उभी राहते का ते पाहा. ३ सिग्मावर ती लिगँडच्या आकाराची दिसते का, की नुसता एक ठिपका आहे जिथे बफरमधला पीईजीचा तुकडाही मावला असता? लिगँडचे बी-फॅक्टर (अणू किती हलतात त्याचं माप) शेजारच्या अमिनो आम्लांशी जुळतात का? ऑक्युपन्सी (किती प्रोटीन रेणूंत लिगँड बसला आहे तो अंश) किती ठेवली, आणि का? हे चित्र स्लाइडवर ठेवा आणि शंका असलेला भाग स्वतः बोट ठेवून दाखवा. 'ही अंगठी घनतेत नीट बसते, पण ही शेपटी आम्हाला दिसत नाही, म्हणून पेपरमध्ये तिच्यावर काही विधान केलं नाही,' हे एक वाक्य ऐकलं की निवड करणाऱ्याला माणूस कळतो. डेटा बँकेत संशयास्पद लिगँड असलेल्या रचना कमी नाहीत, आणि प्रत्येक पीआयला (लॅबप्रमुखाला) आपल्या लॅबचं नाव त्यात यायची धास्ती असते.

आर-फ्री, रामचंद्रन आलेख, क्लॅश स्कोअर, हे रचनेचा दर्जा सांगणारे आकडे तोंडपाठ असू द्या. (मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला, प्रोटीनच्या साखळीतल्या कोनांचा आलेख आज जगातल्या प्रत्येक व्हॅलिडेशन रिपोर्टमध्ये असतो. आपल्या विद्यार्थ्याने त्यातला एखादा अपवादात्मक बिंदू नेमका का अपवाद आहे हे सांगितलं, तर मला फार आनंद होतो.)

आता निवड झाली असं धरून, हो म्हणण्याआधी पीआयला काय विचारायचं. सर्वांत आधी: जनुकाचा कन्स्ट्रक्ट (प्रोटीन बनवून घ्यायचा डीएनए) तयार आहे का, आणि शुद्ध प्रोटीन कुणी पाहिलंय का? जेल फिल्ट्रेशनचा आलेख आणि जमलं तर टूडी क्लासेस (क्रायो-ईएममधल्या कणांची सरासरी चित्रं) दाखवायला सांगा. हे मागणं उद्धटपणाचं नाही. चांगले पीआय आनंदाने दाखवतात. काहीच नसेल तरी प्रकल्प वाईट ठरत नाही, पण मग दोन वर्षांत एकच धोक्याचा प्रकल्प असून चालणार नाही, सोबत एक खात्रीचा हवा. तो कोणता, हे आधीच ठरवून घ्या.

त्याच प्रोटीनवर लॅबमध्ये आणखी कुणी आहे का? पहिला लेखक कोण? वाहतुकीचा प्रयोग, म्हणजे प्रोटीओलायपोसोममध्ये ट्रान्सपोर्टर बसवून तो खरंच काही आत-बाहेर नेतो का हे मोजण्याची सोय, लॅबमध्येच आहे की बाहेरच्या सहकाऱ्यावर अवलंबून? रचना आली पण कार्य मोजता आलं नाही, तर पेपर अडकतो. जगात आणखी कोण या ट्रान्सपोर्टरवर आहे, हे पीआयने मोकळेपणाने सांगायला हवं. आणि तुम्ही निघताना प्रकल्पाचा कोणता भाग बरोबर नेऊ शकाल? हा प्रश्न पहिल्याच भेटीत नको, पण होकार देण्याआधी हवाच. गेल्या काही वर्षांतले पोस्टडॉक आज कुठे आहेत ते लॅबच्या पानावरून शोधा आणि त्यातल्या दोघांशी तरी फोनवर बोला. ईमेलमध्ये माणसं सावध लिहितात, फोनवर सांगतात.

पैशांचं पटकन. युरोपात पद नोकरीच्या कराराचं आहे की नुसत्या स्टायपेंडचं, ते विचारा. करारात आरोग्यविमा आणि पेन्शनचा वाटा येतो, स्टायपेंडमध्ये बहुधा येत नाही. जर्मनीत करार असेल तर तो साधारणपणे टीव्ही-एल ई१३ या सार्वजनिक सेवेच्या वेतनश्रेणीवर असतो. तुलनेसाठी: अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्यसंशोधन संस्थेच्या फेलोशिपचा पहिल्या वर्षाचा स्टायपेंड २०२४ साठी ६१,००८ डॉलर होता, आणि आपल्याकडे २०२३ च्या सुधारणेनंतर आरए-१ ला (रिसर्च असोसिएटच्या पहिल्या पायरीला) महिना ५८,००० रुपये अधिक घरभाडं. भारतात थांबून पोस्टडॉक करणंही कमीपणाचं नाही. बेंगळुरूच्या एनसीबीएस-इनस्टेम आवारात राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा आहे आणि इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची बीमलाइन आहे. पण तुमचा प्रश्न पटलातल्या प्रोटीनचा असेल, तर जिथे ते रोज बनवतात तिथे जाऊन शिकावं, हे माझं मत.

पीआयकडे दोन वर्षांचा निधी असला तरी स्वतःच्या फेलोशिपसाठी अर्ज करा. एम्बो या युरोपीय जीवशास्त्र संस्थेच्या पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतर मोजकाच काळ मिळतो आणि पहिल्या लेखकत्वाचा एक तरी पेपर लागतो. तुमच्याकडे तो आहे. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपची मुदत बहुधा सप्टेंबरमध्ये असते, आणि त्या दिवसापर्यंत पीएचडी पूर्ण झालेली असावी लागते. इथे आपल्याकडची खास अडचण येते. थीसिस सबमिट केली म्हणजे पीएचडी झाली असं तिकडे कुणी मानत नाही. परीक्षकांचे रिपोर्ट यायला, व्हायवा (तोंडी परीक्षा) लागायला महिने जातात. म्हणून गाइडशी आजच बसून परीक्षकांची यादी वेळेत जाईल हे पाहा, आणि व्हायवा झाल्यावर विद्यापीठाचं नोटिफिकेशन किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. त्या देशात आदल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही, हाही मेरी क्युरीचा नियम आहे. म्हणजे आधी जाऊन बसलात आणि पुढच्या वर्षी अर्ज करू म्हणालात, तर दार बंद होऊ शकतं. ह्यूमन फ्रंटियर या आंतरराष्ट्रीय संस्थेची फेलोशिप तीन वर्षांची असते आणि तिला क्षेत्र खऱ्या अर्थाने बदललेलं हवं असतं. नुसतं क्रिस्टलवरून क्रायो-ईएमवर जाणं तिथे पुरेसं ठरणार नाही.

परत यायचा विचार असेल तर वयाच्या अटी आजच वाचून ठेवा. भारत सरकारच्या इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपची ३२ वर्षांची मर्यादा अनेकांच्या लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. रामलिंगस्वामी आणि इंडिया अलायन्स या फेलोशिप हे पुढचे मार्ग आहेत.

आणि पत्र. पीआयला लिहिताना 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम हायली मोटिव्हेटेड' ने सुरुवात नको. एक पान. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या ट्रान्सपोर्टरबद्दलचा तुमचा प्रश्न, मॉडेल पाहून सुचलेला. दुसऱ्यात तुम्ही स्वतः बनवलेलं प्रोटीन: किती लिटर कल्चरमधून किती मिलिग्रॅम, कुठे अडलं, काय केल्यावर स्थिर झालं. तिसऱ्यात व्हायवाची अपेक्षित तारीख आणि कोणत्या फेलोशिपसाठी सोबत अर्ज करायचा आहे ते. शिफारसपत्र देणाऱ्या तिघांपैकी एक तरी असा असू द्या ज्याने तुम्हाला बेंचवर काम करताना पाहिलंय. विभागप्रमुखांच्या मोघम कौतुकापेक्षा त्याचं पत्र उपयोगी पडतं. गाइडला आधी दाखवा, मग पाठवा. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. मॉडेल उतरवल्यावर वजन आणि पीएई इथे लिहिलंत, तर नॅनोबॉडी लागेल का यावर माझं मत सांगतो.